तेलवाले आबा आणि नकाशातली बोट

कॉम्प्युटर चालू केला की तेलवाले आबा आधी त्याला कान लावत. लाकडी मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक डब्यावर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. मालवणात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, या धंद्यात मी केस पांढरे केले, पण मशीनची नाडी अशी कानाने बघणारा माणूस दुसरा भेटला नाही. "आज पंखो कण्हता," ते सांगत. उघडून बघावं तर पंखाच अडकत असायचा. मला थोडा रागही यायचा, कारण तेच शोधायला मला अर्धा तास लागला असता.

आबा जन्मभर मालवाहू बोटींवर होते. इंजिनाच्या फिरत्या भागांना तेल देणं हे त्यांचं काम. बोटीवर अशा माणसाला तेलवाला म्हणत, आणि निवृत्त होऊन ते तारकर्लीला आले तरी गावाने तेच नाव चालू ठेवलं. बायको आधीच गेलेली. एकुलता एक मुलगा, अविनाश, तोही बोटीवर. आजूबाजूच्या प्रत्येक घरावर पर्यटकांसाठी पाटी लागली होती, आबांच्या घरावर नव्हती. कुणी बॅगा घेऊन अंगणात आलं आणि रूम मिळेल का म्हणून विचारलं तर आबा म्हणत, "रूम आसत, माणसां नाय." पाहुणे हसत पुढच्या घरी जात. त्यांना वाटे, म्हातारा गंमत करतोय.

कॉम्प्युटर अविनाशनेच एका सुट्टीत आणून दिलेला. जगातल्या बोटी कुठे आहेत ते दाखवणारा एक नकाशा असतो. निळ्या समुद्रावर बाणांची बारीक रांगोळी, एकेक बाण म्हणजे एकेक बोट. आपल्या बोटीचा बाण त्याने आबांना दाखवून ठेवला आणि तो निघून गेला. तेव्हापासून सकाळी चहा घेऊन आबा पडद्यासमोर बसत. बोट कुठे पोचली ते बघायचं आणि मगच दिवसाला हात घालायचा. बोट किनाऱ्यापासून फार लांब गेली की बाण दिसेनासा होई. त्या दिवशी आबा स्वतःशीच "लांब आसा," म्हणत आणि उठत. पण कॉम्प्युटरच उठला नाही, तर मात्र दिवसभर त्यांच्या जिवाला चैन नसे.

आणि तो उठत नसे, हीच तर रड होती. फोन यायचा, "आज तिसऱ्या हाकेक ओ दिल्यान. मगे वीसेक मिनटांनी बसलो." गिऱ्हाईक सहसा 'चालत नाही' एवढंच सांगतं, पुढचं आपण शोधायचं. आबांकडे मात्र वही होती. इंजिनरूममध्ये दर पाळीला नोंद करायची सवय, ती त्यांनी इथेही सोडली नव्हती. किती वाजता बटण दाबलं, कितव्यांदा चालू झाला, किती मिनिटांनी बंद पडला, खिडकी उघडी होती की बंद, सगळं वळणदार अक्षरात. वही चाळली आणि दुखणं हाती लागलं. खिडकी उघडी असली की तो जास्त चाले. म्हणजे आत तापत होता.

डबा उघडला आणि खोबरेलाचा भपकारा आला. पंख्यावर, जाळीवर, मेमरीच्या पट्टीच्या सोनेरी दातांवरसुद्धा तेलाचा हात फिरलेला, आणि त्यावर किनाऱ्याची बारीक रेती बसून करपलेल्या कढईसारखा थर जमलेला. आमच्याकडे पावसाळ्याआधी कोयते, कुलपं, बिजागऱ्या, सगळ्यांना तेल लावतात. खारी हवा लोखंड खाते. पण कॉम्प्युटरच्या पोटात तेल घालणारे आबा पहिलेच.

"आबा, ह्या काय बोटीचा इंजिन आसा?" मी ओरडलोच.

आबा अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "मगे तेका घालूचा तरी काय?"

"काय घालू नकात. तेका नुसती हवा लागता."

त्यावर त्यांनी डब्याकडे नीट बघितलं. "म्हणजे नुसत्या हवेर जगता. माझ्यासारखोच."

मी हसलो. स्पिरिटने सगळं पुसून काढलं, खोडरबरने पट्टीचे दात घासले, पंखा नवा बसवला. बटण दाबल्यावर नकाशा आपोआप उघडेल अशी सोयही करून दिली, कारण माऊसशी त्यांचं कधी जमलं नाही. महिनाभर बरा चालला. मग आतली डिस्कच आवाज करू लागली. आबांनी तेही कानाने ओळखलं होतं.

ऐन हंगामातला रविवार होता, दुकानात कामं पडलेली, आणि मी वैतागून तारकर्लीला गेलो. म्हटलं, आबा, ह्या मशीनचं आयुष्य संपलं, आता मोबाइल घ्या. "तेवढ्याशा काचेत समुद्र मावता काय रे?" ते म्हणाले. मग मी दुसरं टोक धरलं. रोज हा खटाटोप करण्यापेक्षा अविनाशला सरळ फोन लावून विचारत जा ना, कुठे आहेस म्हणून.

आबांनी कोऱ्या चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. "तो त्या बोटीर नाय रे आता. दोन वर्सां झाली उतारल्याक. थयच लगीन केल्यान, खंयच्या तरी परदेशात. वर्साक एकदा फोन करता."

मी उचललेला कप परत खाली ठेवला. "मग तुम्ही रोज बघतास कोणाक?"

"बोटीक. तो खंय आसा ता माका कळणा नाय. बोट खंय आसा ता तरी कळता."

मला माझी लाज वाटली. दीड तास बसून डिस्क बदलली, नकाशा पुन्हा जागेवर आणला आणि बाण दिसेपर्यंत उठलो नाही. पुढे वाकडी वाट करून मी तिकडे जाऊ लागलो. बिघाड नसला तरी आबा काहीतरी आवाज येतो म्हणून मला कान लावायला बसवत, आणि ऐकू काही आलं नाही तरी मी लावत असे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आबा गेले. सकाळी शेजारच्या बाईने हाक मारली, तर ओ आली नाही. अग्नी वाडीतल्यांनी दिला. अविनाश बाराव्याला पोचला. आवराआवर करताना त्याने मला बोलावून घेतलं आणि विचारलं, "हा कॉम्प्युटर तुमच्या काही उपयोगाचा आहे का? नाहीतर भंगारात देतो."

चालतो का ते बघायला मी बटण दाबलं. तिसऱ्यांदा चालू झाला. नकाशा उघडला, आणि मधोमध बाण. अविनाश पुढे वाकला आणि बोटीचं नाव त्याने मोठ्याने वाचलं.

"ही तर माझी जुनी बोट. मी उतरलो ते बाबांना सांगितलं होतं."

"त्यांना ठाऊक होतं," मी म्हणालो. "तरी रोज सकाळी इथे बसून बघत."

"मग रोज बघत कोणाला होते?"

मी इतका वेळ त्याच्याशी शुद्ध मराठीत बोलत होतो. हे उत्तर मात्र तसं देता आलं नाही.

"तुमकाच."