टिंक्चरचे ठिपके

सन १९४६, मार्गशीर्षातला रविवार, दुपार. जागा: बेळगावच्या कॅम्पातल्या दवाखान्याची मागची खोली. हजर: मोतीबिंदू झालेल्या स्पॅनिश सिस्टर, मी, आणि शहापुराहून सोबतीला येणारी माझी आक्का.

मी तिथे औषधांच्या याद्या ठेवत असे. सिस्टरांना घरची पत्रं वाचता येईनात आणि ती भाषा दुसऱ्या कुणाला येत नव्हती. मलाही नव्हती, पण इंग्रजी अक्षरं येत होती. मी नुसतं वाचायचं, अर्थ त्या लावतील, असं ठरलं.

शब्दांचे तुकडे पाडणं सोपं गेलं. वेन्-ता-ना, म्हणजे खिडकी. अडलं ते जोरावर, म्हणजे कुठल्या तुकड्यावर आघात द्यायचा त्यावर.

"लई सपाट वाचतीस गं," सिस्टर म्हणायच्या. मराठी त्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांकडूनच शिकल्या होत्या. "माझी भाषाच वाटत न्हाय."

आक्का हातमागावर विणणारी. ती हसून म्हणाली, "नुसता धोटा फेकत सुटलीस. मधी ठोका नको व्हय?"

मग सिस्टरांनी नियम सांगितला, मी तो यादीच्या पाठीमागे उतरवला. शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर. दुसरं व्यंजन असेल तर शेवटच्या तुकड्यावर. अक्षराच्या डोक्यावर तिरकी रेघ असेल तर बाकी काही न बघता तिथेच. पत्र आलं की मी पेन्सिलीनं तुकडे पाडत असे आणि जोराच्या जागी काडीनं टिंक्चर आयोडीनचा ठिपका देत असे. अजून कुठे माग वाजताना ऐकला की ती फिनेलच्या वासाची खोली आठवते.

त्या रविवारचं पत्र दोन पानांचं. दोन्ही पानांवर आदल्या दिवशीच ठिपके दिले होते. पहिलं पान कुठेही न अडता वाचलं. शेवटच्या ओळीत रेघेचा शब्द होता, मु-र्यो. त्यावर दणकून ठोका दिला आणि शाबासकीसाठी वर पाहिलं.

सिस्टरांचा हात जपमाळेवर थांबला होता. आक्कानं मला कोपरानं ढोसलं. "गप गं. काय तरी झालंय."

सिस्टर म्हणाल्या, "मुर्यो. गेली. आई गेली माझी." मग माझा हात चाचपून धरला. "आज बरोबर वाचलंस. घरचंच कुणी सांगतंय असं वाटलं. दुसरं पान ऱ्हाऊ दे. मी सांगीन तवा वाच."

त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्या मायदेशी गेल्या. पान माझ्या कामांच्या वहीतच राहिलं, ठिपके आता विटकरी झालेत. वही बदलली की राहिलेल्या कामांत पहिलं तेच उतरवते: दुसरं पान, वाचून दाखवणे.