माथ्यावर न थांबलेला मुकादम

बॉनेटवर तळहाताची सणसणीत थाप पडली की समजायचं, मुकादम आले. "उतरा. हवा काढा. वाळू कुणाची ओळख ठेवत नाही." डांबरी रस्ता संपून लाल वाळू सुरू झाली की टायरमधली अर्धी हवा काढायची, म्हणजे टायर पसरतात आणि गाडी रुतत नाही. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तरी थाप पडायचीच, आणि नवी गाडी घेतलेल्याच्या बॉनेटवर जरा जोरात.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. अबूधाबीजवळच्या मुसफ्फात त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं, आणि बोलण्याची तऱ्हा अशी की सगळं जग त्यांच्याकडे रोजंदारीवर आहे. कुणीतरी एकदा मुकादम म्हणालं आणि ते चिकटलं. मूळचे मिरजेचे, साठीला आलेले, उभट, कपाळावर कायम आठी. आता ते परत मिरजेला गेलेत. निघून गेलेल्या माणसावर लिहायचं तर चार गोड शब्द लिहावेत, अशी रीत आहे. मला जमणार नाही. मी रागात आहे आणि रागातच लिहायला बसलेय. वयानं मोठे म्हणून ‘ते’ म्हणतेय, तेवढाच मान.

आम्ही पाच कुटुंबं. आम्ही दुबई सिलिकॉन ओएसिसमधले, बाकी कुणी शारजातले, कुणी करामातले, मुकादम आणि वहिनी अबूधाबीहून यायचे. नोव्हेंबरात हवा माणसात आली की मार्चपर्यंत अधूनमधून शनिवारी हत्ताच्या वाटेवर वाळूत तंबू टाकायचे आणि रविवारी परतायचं. मुकादमांच्या स्वतःच्या क्वाड बाइक होत्या. चार जाड चाकांची ती उघडी गाडी तुम्ही पाहिली असेल. त्या आणायला ट्रेलरही त्यांनीच वेल्डिंग करून बनवलेला. शेगडी त्यांची, दोरखंड त्यांचे, फावडी त्यांची. आमचं काय, तर डबे.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी चटणीसाठी मिक्सर नेला होता. त्यांनी तो पिशवीतून वर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला.

"हे काय आहे?"

"मिक्सर."

"पिन कुठं घालणार? उंटात?"

सगळे हसले. माझा नवरा संदीप सगळ्यात मोठ्यानं हसला, त्याचा मला जास्त राग आला. पण जेवताना मुकादम कांदा, मिरची आणि दाणे दगडावर ठेचून माझ्यासमोर घेऊन आले. "खा. मिक्सरची आठवण येणार नाही," म्हणाले. खरंच आली नाही. तिखट इतकं होतं की दुसरी कुठलीच आठवण यायची सोय नव्हती.

त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक मी कधी ऐकलं नाही. गाडी रुतली तर "यल्ला, चल, आता हलव तुझं इंजीनिअरिंग." तंबू वाकडा लागला तर "खलास, वाऱ्याला आमंत्रण दिलंय." कुणी हेल्मेट काढून फोटो काढायला लागला तर त्याच्या हातातला फोन काढून स्वतःच्या खिशात टाकायचे, आणि घरी निघेपर्यंत फोन परत मिळायचा नाही. शिव्या खाऊनही आम्ही जायचो, कारण त्यांच्याबरोबर वाळूत भीती वाटायची नाही.

सगळ्या नियमांचा बाप होता तो माथ्याचा. वाळूची टेकडी एका बाजूनं सोपी चढते आणि दुसऱ्या बाजूला तुटल्यासारखी संपते. चढणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. म्हणून माथ्याच्या अलीकडे थांबायचं, उतरायचं, पायी वर जाऊन पलीकडे बघायचं, मग जायचं. पुढचा थांबला तर मागच्यांनी थांबायचं. पुढचा न थांबता गेला तर समजायचं, चढ साधा आहे, वाट मोकळी आहे. पुढचा म्हणजे नेहमी मुकादम.

माझ्या मुलीला, रिद्धीला, क्वाड त्यांनीच शिकवली. ती इथंच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. घरी मी डोकं आपटून थकले. मुकादमांनी तिला पहिला अख्खा दिवस गाडीवर बसूच दिलं नाही. टेकड्या पायी चढायला लावल्या. "आधी पायाला कळू दे, मग चाकाला."

"Uncle, but why? It's so boring."

"मराठीत विचार. मराठीत विचारलंस तर सांगतो."

ती चिडली, गाल फुगवून बसली, आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अंकल, पण का?" त्या दोन शब्दांचं बक्षीस म्हणून त्यांनी तिला वाळू वाचायला शिकवली. सावली कुठं पडते, वारा कुठून येऊन गेला, कुठली वाळू घट्ट, कुठली पोकळ. शाळेत कुणाशी न बोलणारी माझी पोर त्यांच्या शेजारी बसून तासन्‌तास बडबडायची, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. ते ऐकायचे. मध्येच "हं" म्हणायचे. एवढा तोंडाळ माणूस तिच्यापुढे गप्प बसायचा, हे मला फार आवडायचं. हेही लिहायला हवं. राग आहे म्हणून खोटं लिहिणार नाही.

गेल्या हिवाळ्यात काही गोष्टी बदलल्या. अबूधाबीहून गाडी आता वहिनी चालवत यायच्या. "तिचा हायवेचा हात साफ व्हावा म्हणून," ते म्हणायचे. वहिनींचा हात वीस वर्षांपूर्वीच साफ झालेला होता. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर गेली तर "कप कोण हलवतंय?" म्हणून ओरडायचे, आणि कप तर चटईवर ठेवलेला. समोरच पडलेली पकड आमच्याकडे मागायचे. आम्ही बायका हसायचो की मुकादम म्हातारे झाले. पुरुष हसायचे नाहीत. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

जानेवारीतली गोष्ट. त्या दिवशी नाश्त्याला मिसळ होती आणि मिसळ म्हटल्यावर आवरायला उशीर झालाच. ऊन डोक्यावर आलं. भर दुपारी टेकडीला सावली नसते, चढ कुठं संपतो ते चांगल्या डोळ्यांनाही कळत नाही. म्हणून त्या वेळी गाडी काढायची नाही, हा नियमही त्यांचाच. पण रिद्धीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली, त्यानंतर तिला येता येणार नव्हतं. "एक फेरी मारून आणतो पोरीला," म्हणाले. पुढं ते, मागं रिद्धी, तिच्या मागं संदीप. मी तंबूपाशी भांडी घासत होते. त्यांच्या गाडीच्या उंच काठीवरचा केशरी झेंडा लांबून दिसत होता. तो चढत गेला, चढत गेला, आणि न थांबता पलीकडे नाहीसा झाला. त्याच्यामागं दुसरा झेंडा गेला. तोही थांबला नाही. कशाला थांबेल? पुढचा थांबला नव्हता.

संदीपचा ब्रेक लागला म्हणून तो वाचला.

मुकादम उडून मऊ वाळूत पडले, खरचटण्यापलीकडे काही नाही. रिद्धीची गाडी तिच्या उजव्या हातावर उलटली. दंडाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आणि मनगट वर उचलणारी नस दुखावली. आत्ताही, हे लिहिताना, ती शेजारच्या खोलीत रबराचा चेंडू दाबायचा व्यायाम करतेय. मनगट अजून पूर्ण उचलत नाही. परीक्षेला लेखनिक घ्यावा लागला.

हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेर बसलो होतो. वहिनी माझा हात धरून एकाएकी म्हणाल्या, "काचबिंदू आहे हो त्यांना. डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्यानं कडेचं दिसत नाही. मी सांगत होते, नका जाऊ, नका जाऊ."

मी संदीपकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"अगं, दिवाळीत म्हणाले होते आम्हाला. एवढा सीझन करतो, मग बंद. बायकांना सांगू नका म्हणाले, उगाच घाबरतील."

"आणि तू रिद्धीला त्यांच्या मागं सोडलीस?"

"मी होतो ना मागं. आणि एवढा मोठा माणूस, आपल्यासाठी एवढं करतो. त्यांना तोंडावर कसं बोलणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार पुरुष. दोघे इंजीनिअर, एक बँकेत, एक सेफ्टी ऑफिसर. हो, सेफ्टी ऑफिसर, जबल अलीत रोज लोकांना हेल्मेटवरून दंड करतो. चौघांना ठाऊक होतं की पुढं चालणाऱ्याला वाट दिसत नाही, आणि चौघे मूग गिळून त्याच्या मागं चालले होते. का, तर वाईट वाटेल. त्यांना वाईट वाटेल! भीड भिकेची बहीण असं माझी आई म्हणायची. आमच्याकडे तिनं माझ्या पोरीचा हात मागून घेतला.

मुकादमांवर राग आहेच. ज्यानं तिला सावली बघायला शिकवलं त्यालाच सावली दिसत नव्हती, आणि हे त्यानं तिला सांगितलं नाही. मोठेपणा सोडवत नव्हता. मागच्या सीटवर बसून कुणीतरी आपल्याला फिरवून आणायचं, हे त्यांना मरणापेक्षा वाईट वाटत असणार. वाटू दे की. वाटायलाच हवं होतं. पण हे ओझं त्यांनी एका शाळकरी मुलीच्या मागं बांधायला नको होतं.

आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे फोटो पडतात. "मिस यू मुकादम." "असा माणूस पुन्हा होणे नाही." खाली हात जोडल्याची चित्रं. मी ग्रुप सोडला. संदीप म्हणाला, बरं नाही दिसत असं. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथं छापण्याजोगं नाही.

मिरजेला जायच्या आधी ते एकदाच घरी आले. मार्चची संध्याकाळ होती. वहिनी त्यांच्या कोपराला धरून चालत होत्या, पण असं दाखवत होत्या की आपणच आधार घेतलाय. डिंकाचे लाडू आणले होते. चहा झाला. संदीप म्हणाला, "अहो, अपघात कुणाच्या हातात असतो का?" वहिनी म्हणाल्या, "देवाच्या कृपेनं जिवावरचं हातावर निभावलं." मिरजेतल्या घराच्या रंगाबद्दल बोलणं झालं, तिथल्या पाण्याबद्दल झालं. मी तोंड उघडलं असतं तर कप फेकला असता.

मग मुकादमांनी रिद्धीला जवळ बोलावलं. ती शेजारी जाऊन बसली. त्यांनी तिचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोटांनी चाचपत मनगटापर्यंत आले.

"उचल बघू."

तिनं प्रयत्न केला. मनगट लोंबतच राहिलं. तिनंच घाईघाईनं म्हटलं, "It's okay, uncle. Really, it's okay."

"ओके नाही," ते म्हणाले. आवाज चढला होता, तोच वाळवंटातला. "कोण म्हणालं ओके? मला दिसत नव्हतं आणि मी तुला मागं घेतलं. हे ओके असतं का? तू रागव माझ्यावर. मराठीत रागव."

रिद्धी रडायला लागली. हॉस्पिटलमध्येही ती अशी रडली नव्हती. "का सांगितलं नाही तुम्ही?" ती म्हणाली. "मी थांबले असते ना. तुम्ही सांगितलं असतं तर मी थांबले असते."

ते मान खाली घालून ऐकत राहिले. संदीप मध्ये पडायला गेला, "जाऊ दे बेटा." मुकादमांनी हातानंच त्याला गप्प केलं आणि तिला बोलू दिलं. ती बोलत होती तोवर त्यांनी तिचं मनगट खालून तळव्यावर तोलून धरलं होतं, सरळ, जसं असायला हवं तसं.

निघताना आम्ही लिफ्टपर्यंत गेलो. रिद्धी खोलीतच राहिली. आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये बटणं सपाट आहेत, स्टीलच्या पट्टीवर बारीक आकडे. मुकादम सवयीनं आधी आत शिरले आणि बटणांकडे वळले. बोट पट्टीवरून वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. वहिनी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. संदीपनं खिशातून फोन काढून त्यात डोकं घातलं. दार मिटायला आलं आणि कुणाचा तरी पाय मध्ये आल्यानं परत उघडलं. माझाच पाय होता.

"तुम्हाला दिसत नाहीये," मी म्हणाले.

संदीप दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, काय हे?"

मुकादम पट्टीवरचं बोट न काढता माझ्या आवाजाकडे वळले. मला वाटलं ओरडतील. त्यांचा चेहरा मात्र एकदम सैल पडला. इतक्या वर्षांत कपाळावरची ती आठी मी पहिल्यांदा गेलेली पाहिली.

"नाही दिसत," ते म्हणाले, आणि हात खाली घेतला.

मी आत वाकले आणि तळमजल्याचं बटण दाबलं.