बाबा शाळेत रुळेना

वाय-लानच्या मनातून एक काळजी काही केल्या जाईना, आणि ती मुलाची नव्हती, नवऱ्याची होती. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. सहा वर्षांचा यिन-यिन पहिलीत छान रुळला होता. त्याचा बाबा मात्र रुळायचं नाव घेत नव्हता.

खरं तर तिनं पोरासाठी सगळ्या काळज्या तयार ठेवल्या होत्या. फाटकाशी रडेल, जेवणातल्या भाज्या बाजूला सारेल, शू लागली तर बाईंना सांगायला लाजेल. यातलं काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो घरी आला तोच शर्टाला शाई लावून आणि लाऊ नावाचा जिवलग मित्र करून.

बाबाचं, म्हणजे फंग पिंग-क्युनचं, काम लिफ्ट दुरुस्तीचं. कौलूनमधल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेलेल्या. पाळी दुपारनंतरची, त्यामुळे सकाळ रिकामी, आणि ती रिकामी सकाळच नडत होती. चढावरच्या त्या फादरांच्या शाळेत तो स्वतः शिकला होता. बापानं तिथली सहावीपर्यंतची प्राथमिक शाळा पुरी केलेली असली की मुलाला प्रवेशासाठी जादा गुण मिळतात. त्या गुणांवर यिन-यिन आत गेला, तेव्हापासून पिंग-क्युनचे पाय जमिनीवर नव्हते.

"तू कॉलेजात जाऊन डिग्री आणलीस ना? तिचे किती गुण मिळाले पोराला?" तो वाय-लानला विचारायचा.

"शून्य."

"आणि माझ्या सहावीचे?"

"दहा. आता भांडी घास."

रोज सकाळी तो यिन-यिनचं दप्तर स्वतःच्या पाठीवर टाकून चढ चढायचा. खाली दुकानात अननस-पाव घेऊन द्यायचा. वाटेत शिकवण चालू: जिन्याखालच्या संत जोसेफच्या पुतळ्याला हात लावल्याशिवाय श्रुतलेखनाला बसायचं नाही, मधल्या नळाचं पाणी सगळ्यात गार. फाटक बंद झालं की बाकीचे आईबाप कामाला पळायचे, हा तिथंच उभा. आत प्रार्थना सुरू झाली की बाहेर हाही छातीवर क्रूस काढून मोठ्यानं म्हणायचा. कामावरच्या खोलीत रोज क्वान कुंग देवाला उदबत्ती लावणारा माणूस! शाळेचं गीत सुरू झालं की मग तर विचारूच नका. आवाज असा की फाटकावरच्या फुन मावशी म्हणायच्या, "फंग, हळू रे. वरच्या फादरांना वाटेल लिफ्ट अडकली."

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण गुरुवारी रात्री आंघोळ घालताना यिन-यिननं साबणाच्या फेसातून तोंड वर काढलं.

"मम्मी, तू बाबांना सांग ना."

"काय सांगू?"

"सोमवारी वर्गात येऊ नका म्हणून."

पहिलीतल्या मुलांना जेवण वाढायला शाळा पालकांना बोलावते. सोमवारच्या पाळीला पिंग-क्युननं सगळ्यांच्या आधी नाव दिलं होतं आणि त्यासाठी नवा शर्टही घेतला होता.

"अरे, बाबा आले तर मजा नाही का?"

"बाबा रडतात."

"कधी रडले?"

"पहिल्या दिवशी. सगळ्यांनी पाहिलं. लाऊ म्हणाला, तुझ्या बाबांना न्यायला त्यांची मम्मी येत नाही का?" यिन-यिनचा चेहरा गंभीर होता. "वर्गात रडले तर सगळे मलाच चिडवतील."

वाय-लाननं हसू कसंबसं दाबलं. "बरं, मग त्यांच्याऐवजी मी येते."

"तू पण नको."

प्रश्न चांगलाच अडचणीचा होता. सांगावं तर नवऱ्याचं मन मोडतं. न सांगावं तर पोरानं दोन आठवड्यांत वर्गात मिळवलेली जागा बाबाच्या एका हुंदक्यानं जायची. तिनं नवऱ्याजवळ जाऊन तोंड उघडलं, तेव्हा तो नव्या शर्टाला इस्त्री करत होता. तिनं इस्त्री जास्त गरम आहे एवढंच सांगितलं.

शुक्रवारी, हा फाटकापाशी नक्की करतो तरी काय ते बघायला, ती कामावर उशिरा येते म्हणून कळवून त्याच्या मागोमाग निघाली. ऊन असं की छत्रीआड तोंड लपवायला निमित्त शोधावं लागलं नाही. फाटक बंद झालं, प्रार्थना झाली, गीत झालं. मग पिंग-क्युन कोपऱ्यावरून वळला आणि मोठ्या मुलांच्या फुटबॉल मैदानाच्या जाळीशी जाऊन उभा राहिला. वाय-लान रस्त्याकडेच्या वडाआड थांबली. आत आठवी-नववीची मुलं गोलवर चेंडू मारत होती. चेंडू आला की गोलकीपर भलत्याच बाजूला झेपावायचा आणि जाळीबाहेर पिंग-क्युन मात्र बरोबर चेंडूच्या बाजूला झुकायचा.

"ए कोहळ्या!" आतून हाक आली. शिट्टी गळ्यात घातलेले खेळाचे लो सर जाळीपाशी आले. "रोज उभा राहतोस. आत यायला काय धाड भरलीय?"

"माकडा, पोरांसमोर हाक मारू नकोस."

दोघं एका बाकावरचे, हे वाय-लानला वडाच्या मागून ऐकतानाच कळलं.

"माझा गोलकीपर बघितलास? डोळे मिटतो. शिकवायला कोणी नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ये."

"सोमवारी मला पहिलीत भात वाढायचाय."

"भात कोणीही वाढेल रे. पंधरा वर्षांखालच्या संघात तू गोलकीपर असलास की एक चेंडू आत जायचा नाही. माजी विद्यार्थी म्हणून ये, तुझा हक्क आहे."

"मी कसला माजी विद्यार्थी? नववी अर्धी टाकून गेलेला."

"टाकलीस कुठे? तुझे वडील कामावर बांबूच्या परांचीवरून..." लो सर अडखळले. "ते पडले, म्हणून गेलास. सगळ्यांना माहीत आहे."

"तेच. निरोप न घेता गेलो. आता कोणत्या तोंडानं आत येऊ? यिन-यिनचा बाबा म्हणून आलो की कोणी काही विचारत नाही." एवढं बोलून तो हात हलवत चढ उतरून गेला.

वाय-लान वडामागून पुढं झाली आणि त्याची बायको म्हणून ओळख सांगितली. लो सर तिला बघून दचकले, मग हसले. "वहिनी, तुम्हीच समजवा त्याला. मी आमंत्रण देऊन थकलो." त्यांनी आपला नंबर दिला.

शनिवारी तिनं दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा पिंग-क्युननं नव्या शर्टाच्या बाह्या दुमडाव्यात की नाही यावर तिचं मत विचारलं.

रविवारी तो सुट्टीवर होता. संध्याकाळी तिघं जेवायला बसले. कमळाच्या मुळांचं सूप होतं, त्याचं आवडतं. पहिला चमचा तोंडाशी नेला आणि त्याचा फोन वाजला. जवळच्याच इमारतीत लिफ्ट बंद पडून एक आजी आत अडकली होती.

"आजींना सांगा, भिंतीला टेकून बसा. दहा मिनिटांत पोचतो," म्हणत तो उठलाही. एका हातानं बूट, दुसऱ्या हातानं पिशवी.

"दोन घास तरी खा!"

"सूप पळून जात नाही." दार आपटलं.

वाय-लान त्याच्या वाफाळत्या वाडग्याकडे बघत राहिली. लग्नाला बोलावलं तर हा माणूस दहा सबबी सांगतो. नातेवाईकांनी जेवायला बोलावलं तरी तेच. पण कुठं काही अडलंय, कोणीतरी खोळंबलंय म्हणून बोलावणं आलं, की त्यानं आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही. तेव्हा तो आपण कोण, किती शिकलो, आपलं तोंड कोणतं, याचा विचारच करत नाही. निघतो.

लो सर चुकत होते ते इथंच. आमंत्रण कसलं देताय? तक्रार नोंदवा. सांगा, उद्या जेवणाच्या सुट्टीत गोल उघडा पडलाय, पोरगा डोळे मिटून उभा आहे, तासाभरात माणूस हवा. भात वाढायला लाऊची आई येईल, तिला आपण विचारू.

तिनं फोन हातात घेतला.

"कोणाला करतेस?" यिन-यिननं विचारलं.

"लो सरांना."

"ते मोठ्या मुलांचे? बाबांचं नाव सांगणार?"

"हो," वाय-लान म्हणाली, "अगदी सगळं सांगणार," आणि तिनं नंबर लावायला घेतला.