विहीणबाईंचं 'तू'

माझ्या मुलाची सासू स्पेनची. व्हिडिओ कॉलवर दुसऱ्याच भेटीत ती मला 'तू' म्हणाली. स्पॅनिशमध्येही 'तू' म्हणजे तूच आणि 'उस्तेद' म्हणजे तुम्ही, एवढं मी क्लासात शिकले होते. मुलीकडची विहीण वरमाईशी एकेरीवर येते, म्हणजे नक्की काहीतरी मनात धरून बसली असणार. मी मात्र दर रविवारी ठासून 'उस्तेद'च म्हणत राहिले. तिचं हसू हळूहळू आखडत गेलं, तसा माझा संशय पक्का होत गेला.

काल मुलगा म्हणाला, "आई, त्या विचारत होत्या, तुझ्या आईला माझा कसला राग आलाय?"

 लहानपणी खेळून उशिरा घरी आले की माझी आई दारातच म्हणायची, "या, आलात का?" त्या 'आलात'नेच मी उंबऱ्याबाहेर थबकायचे. मान देऊनही माणसाला दाराबाहेर उभं करता येतं, हे कळायला मला क्लासाची गरज नव्हती.

येत्या रविवारी मी तिला 'तू' म्हणणार आहे. धाकधूक एकच आहे, तोवर तिने मला 'उस्तेद' करून टाकलं नसेल ना?