रंगूबाई म्हणाली, साखळी घाल

रंगूबाईचा आवाज बाप्यासारखा आहे. जाडा, खरखरीत. जन्मापासून तसा नाय. पेठकडच्या पाड्यावर असताना नवऱ्यानं तिचा गळा दाबला होता. भाताची लावणी अर्धी टाकून माहेरी गेली म्हणून. तोंड काळंनिळं पडलं, तेव्हा हाताला लागला तो विळा तिनं त्याच्या खांद्यात घातला अन् सुटली. मग महिनाभर घोटीच्या दवाखान्यात. घशातून आवाज निघत नव्हता. तिथल्या एका नर्सबाईनं तिच्या हातात क्रोशाची सुई अन् दोरा दिला. परत बोलायला लागायच्या आधी रंगूबाई विणायला लागली.

नवरा नंतर मेला. "बरं झालं," असं ती कोणापुढंही सांगते.

आता साठीला आलीय. सातपूरला आमच्या गल्लीत शेवटच्या पत्र्याच्या खोलीत राहते. थंडीत टोपडी अन् मोजे, उन्हाळ्यात माठावर घालायच्या मण्यांच्या जाळ्या, श्रावण लागला की राख्या, त्याच्यामागं गणपतीला लोकरीची जास्वंदं. दुपारी आठ-दहा बायका तिच्याकडं शिकायला येतात. शिकवते म्हणजे शिव्याच देते. "सरे, हे फूल हाय का फडकं?" हे मला. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी मला समजावलं. हिनं फक्त सरकून बसायला जागा दिली. तिला कोणी काय बोललं तर मी ऐकून घेत नाय.

आता एक गोष्ट सांगते, नायतर पुढचं कळणार नाय. क्रोशात सुरुवातीला घालतात ती साखळी. त्याच्यावर उंच टाका घेतला तर तो खांब. बुटका घेतला तर तो मुका खांब. बायका नुसतं मुका म्हणतात. "दहा मुके घे." "तुझा एक मुका सुटला." नवीन बाई आली की पहिल्या दिवशी हसून हसून लोळते. मग सवय होते.

योगिनीला पण झाली. योगिनी कळवणकडची, लखनची बायको. लखन एका कारखान्यात प्रेस मशीनवर आहे. तो घरी आला की पहिला तिचा मोबाईल बघतो, मग पाणी पितो. ती फुल बाह्यांचाच ब्लाऊज घालायची, मे महिन्यात पण. आम्हाला कळायचं. विचारलं की म्हणायची, "उष्णतेचं उठतं."

गणपतीला आठ दिवस राहिले होते. योगिनीनं जास्वंदं घरी विणायला नेली होती. रंगूबाईला लिहिता येत नाय, म्हणून ती मोबाईलवर बोलून पाठवते. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या विणायला बसलो होतो तेव्हा तिनं पाठवलं, माझ्यासमोर:

"योगिने, नवरा गेला का कामावर? मग बस निवांत. आधी साखळी घाल. मग मुका घे. काल लय घट्ट घेतलास, आज सैल घे. अन् पोरी, घाई करू नको."

लखनची शिफ्ट बदलली होती. तो घरीच होता. मोबाईल त्याच्याच हातात.

नंबरला नाव नव्हतं. आवाज बाप्याचा, रंगूबाईला त्यानं कधी बोलताना ऐकलं नव्हतं. साखळी म्हणजे त्याला दाराची साखळी वाटली. अन् मुका म्हणजे मुका.

योगिनी सांगत होती, अहो बाई आहे ती, टाका असतो तो, विणायचा टाका. त्यानं तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला अन् दारावर लाथ घातली. दोन बोटं मोडली. तरी ती टाका टाकाच म्हणत होती. मग त्यानं त्या नंबरवर फोन केला.

"कुठंय रे तू?"

"घरी," रंगूबाई म्हणाली. "नाल्याकडची शेवटची खोली. कोण तू?"

पाच मिनिटात तो दारात. एका हातात लोखंडी पाईप, दुसऱ्या हातात योगिनीचे केस. तिनं हात पदरात गुंडाळला होता, पदर लाल झाला होता.

"कुठंय तो?"

"कोण रे?" आमच्यातल्या नवसाबाईनं विचारलं.

"माझ्या बायकोकडं मुका मागणारा!"

नवसाबाई फिस्सकन हसली. मग आम्ही सगळ्याच. ते केसांकडं, पदराकडं बघायच्या आधी हसलो. ती आमची चूक.

रंगूबाई नाय हसली. "मीच ती," म्हणाली, त्याच आवाजात. "तिला सोड आधी."

लखनचं तोंड उघडंच राहिलं. त्याला कळलं होतं. मी त्याच्यासमोर होते, कळलेलं मी बघितलं. कळल्यावर त्यानं पाईप मारला. रंगूबाईच्या खांद्याचं हाड मोडलं, आवाज आला. तो तिच्या अंगावर पडला अन् गळा धरला. तोच गळा. तिचे पाय फरशीवर घासत होते, लोकरीचे गुंडे सगळीकडं पळत होते.

कोपऱ्यात वरवंटा होता. मी तो त्याच्या गुडघ्यावर घातला. तो ओरडला, तरी गळा सोडेना. दुसऱ्यांदा घातला तेव्हा सोडला. मग नवसाबाईनं त्याचाच पाईप घेतला, बाकीच्यांनी चपला. तो हात जोडत होता. मी तिसऱ्यांदा वरवंटा उचलला तो डोक्यावर घालायला. खोटं कशाला बोलू. रंगूबाईनं मोडल्या खांद्यानं उठून माझी वेणी ओढली.

"मरंल तो! अन् आत तू जाशील, येडे!"

दोन दिवसांनी सगळे चौकीत. लखनचा पाय प्लास्टरमध्ये, रंगूबाईचा हात गळ्यात, योगिनीचा पंजा बांधलेला. लखनची आई भागीबाई पेढे घेऊन आली होती. हवालदारानं मुक्याचं ऐकलं अन् त्याला हसू आवरेना. बाजूच्याला बोलावून परत सांगायला लावलं. लखन पण हसला. "मला काय माहीत साहेब, मुका म्हणजे टाका?" भागीबाई म्हणाली, "बघा, एवढंसं होतं. चल गं योगिनी घरी."

हवालदारानं लिहून काढलं, गैरसमजातून किरकोळ मारहाण, दोघांची तक्रार नाही. योगिनीसमोर कागद सरकवला. ती पण जरा हसली. मला वाटलं, ही जाणार. अन् ह्या टायमाला गेली तर परत येणार नाय.

"साहेब, एक विचारते," रंगूबाई म्हणाली. आवाज आता आणखीच बसला होता. "खरंच कोणी बाप्या असता तर?"

"म्हणजे?"

"तर हिची बोटं दारात घालायची असती का?"

भागीबाई फणकारली, "मग काय आरती ओवाळायची असल्या बाईची?"

"बोटांवर नसतं भागलं," लखन म्हणाला. एकदम सरळ आवाजात, भाव सांगावा तसं. "जित्ती सोडली नसती."

योगिनी त्याच्याकडं बघत राहिली.

मग म्हणाली, "साहेब, तो गैरसमज खोडा."

"अगं, खाडाखोड नाय चालत. सगळं परत लिहावं लागंल."

"लिहा. बोटं मोडली लिहा. रंगूबाईचा खांदा मोडला लिहा. होळीला उलथनं तापवून दंडाला लावलं, ते लिहा. बाही वर करून दाखवते."

"ए!" लखन उठायला गेला अन् प्लास्टरमुळं परत खाली बसला. "भवाने, घरी ये तू!"

"हे पण लिहा," रंगूबाई म्हणाली.

हवालदारानं नवीन कागद घेतला. एक तास लागला. माझं नाव पण आलं त्याच्यात, वरवंट्यासकट. येऊ दे. योगिनीला सही येते, पण उजवा हात बांधलेला. तिनं डावा अंगठा शाईत बुडवला अन् असा दाबला की टेबल हललं.

"उमटला गं, उचल," हवालदार म्हणाला.

ती उचलेना.