जुना वाचक मशीनमध्ये अडकला

कल्पना करा, फोटोकॉपी मशीनचं बाजूचं झाकण तुम्ही उघडलंय. आत गरम रोलर आहे आणि त्याच्या तोंडाशी एक कागद घड्या घड्या होऊन अडकलाय. घाई केलीत तर बोट भाजेल. हिसका दिलात तर कागद फाटेल, नखाएवढा तुकडा आत राहील आणि पुढचे दहा कागद तिथेच अडकतील. म्हणून आधी खटका दाबून रोलर सैल करायचा. मग कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, सावकाश ओढायचा. बाहेर आला की कोरी बाजू वर करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. वाचायचा नाही.

ही शेवटची पायरी मशीनच्या माहितीपुस्तकात नाही. ती माझ्या मावशीची आहे, जी एका कंपनीसाठी ही मशीनं दुरुस्त करत फिरते. मशीनमध्ये कुणाचा राजीनामा अडकतो, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, कुणाची बदलीची यादी. "आपण कागद सोडवायला जातो, लोकांची आयुष्यं उघडायला नाही," असं ती म्हणते. सतरा वर्षं तिने हा नियम पाळला. मोडला एकदाच.

दुरुस्तीच्या कामाला लागण्याआधी ती याच कंपनीत फायली लावायची. तेविसाव्या वर्षी, जेवणाच्या सुट्टीत, तिच्या हातात 'उल्कावीर' या मासिक कॉमिकचा एक अंक आला. उल्कावीर म्हणजे छातीवर ठिणगी असलेला, उडणारा महानायक. तो निर्माण केला एका लेखकाने, ज्यांना वाचक 'थोरले' म्हणत. ते थकल्यावर मालिका दुसऱ्या लेखकाकडे आली, ते 'धाकटे'. धाकट्यांच्या त्या अंकात उल्कावीर कोसळणारा पूल तोलून धरतो. तिथपर्यंत नेहमीचंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत येतो, पूल दुरुस्त करणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, आणि निळा डगला घातलेली मेकॅनिक बाई त्याला म्हणते, "उडता येतं ना? मग तो वरचा बोल्ट धर. आणि माझ्या उजेडात उभा राहू नकोस." पुढची पाच पानं फक्त काम चालतं.

मावशीने तो अंक मिटला, दुरुस्ती विभागात गेली आणि विचारलं, "बायका घेता का?"

"म्हणजे कॉमिक वाचून तू काम बदललंस?" मी एकदा तिला चिडवलं होतं.

"तू काय वाचून इंजिनिअर झालीस गं? कॉलेजची जाहिरात! मग?"

अंकाच्या शेवटच्या पानावर वाचकांची पत्रं असायची. तिथे 'जुना वाचक' या नावाने कुणीतरी धाकट्यांना सोलून काढायचं. मावशीला ते जिव्हारी लागलं. तिने 'पाना-पक्कड' नावाने उत्तर धाडलं आणि जुंपली. अकरा वर्षं.

ती लिहायची, "थोरल्यांचा उल्कावीर टाळ्या घेतो आणि उडून जातो. उद्या त्या पुलावरून कामाला जाणाऱ्यांचं काय?"

पुढच्या महिन्यात उत्तर हजर. "पाना-पक्कड साहेब, थोरल्यांनी आम्हाला आकाश दाखवलं. तुमच्या धाकट्यांनी बोल्ट दाखवले. बोल्ट बघायला आम्ही हार्डवेअरच्या दुकानात जातो."

"आकाश थोरल्यांच्या आधीही होतं," मावशीने ठोकून दिलं. पण त्याच पत्रात तिने एक गोष्ट मान्य केली. थोरल्यांनी उल्कावीरला आधी इतकं उंच उडवलं नसतं, तर त्याच्या खाली उतरण्यात मोठेपणा कसला राहिला असता?

'साहेब' तिने कधी दुरुस्त केलं नाही. काका मात्र दर महिन्याला दारातूनच ओरडायचे, "अहो साहेब, तुमच्या शत्रूचं पत्र आलंय!"

एकदा दोन महिने शत्रूचं पत्रच आलं नाही. मावशीच्या डोळ्यांसमोर एकटा राहणारा, निवृत्त, तिरसट म्हातारा होता. तिने संपादकांना पत्र टाकलं, जुना वाचक यांची तब्येत बरी आहे ना? तिसऱ्या महिन्यात छापून आलं, "चौकशीबद्दल आभार. गुडघ्याने दगा दिला होता." मावशीने लगेच गुडघ्याचे चार व्यायाम, आकृत्यांसकट, लिहून पाठवले.

आणखी एक कागद तिच्याकडे होता. धाकट्यांनी तिला एकदा स्वतःच्या हाताने लिहून कार्ड पाठवलं होतं, "तुमच्यासारखे वाचक आहेत म्हणून लिहावंसं वाटतं." अक्षर विसरण्यासारखं नव्हतंच. ओळ उजवीकडे वर चढत जाणारी, आणि अख्ख्या ओळीवर एकच लांब शिरोरेषा, जणू दोरीवर कपडे वाळत घातलेत. ते कार्ड तिच्या हत्यारांच्या बॅगेत, मीटरच्या कप्प्यात असायचं.

गेल्या वर्षी तिला 'उल्कावीर'च्याच कार्यालयातून बोलावणं आलं. मशीन बंद. मावशी धुतलेला डगला घालून गेली, एवढाच काय तो तिने थाट केला. कोण आहोत ते सांगायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

झाकण उघडलं, खटका दाबला, कागद ओढला. रोलरपर्यंत पोचायच्या आधीच अडकलेल्या कागदावरची काळी पूड पक्की झालेली नसते, ती बोटांना लागते. बोटं पुसायला तिने मान खाली घातली आणि तिला दिसलं, 'पाना-पक्कड साहेब'.

तिने घड्या उलगडल्या.

"त्या पुलावरच्या बाईचे तुम्ही किती गोडवे गाता! खरं सांगू? त्या महिन्यात धाकट्यांना खलनायक सुचला नव्हता. पाच पानं उरली होती, ती बाईने भरली." खाली सही, जुना वाचक. ओळी उजवीकडे वर चढणाऱ्या. वर एकच लांब शिरोरेषा.

आतल्या खोलीतून संपादक ओरडले, "जुना वाचक आला का?"

"अडकलाय मशीनमध्ये!" जिन्यातून आवाज आला आणि सगळं कार्यालय हसलं. धाकटे दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. मावशीने आधी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"सुटला का हो ताई? बरं झालं. आज छपाईला जायचंय."

"ही पत्रं तुम्हीच लिहिता?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"दुसरं कोण लिहिणार? भांडण नसलं तर ते पान कोण वाचतंय!" ते मजेत म्हणाले. "एक पाना-पक्कड म्हणून आहेत. भला माणूस. जरा डिवचलं की दोन पानी पत्र धाडतात. आमचं निम्मं काम तेच करतात."

मावशीने कागद उलटा केला, कोरी बाजू वर केली आणि त्यांच्या हातात दिला. कामाच्या पावतीवर सही घेतली. सहीवरही तीच लांब रेघ होती.

"जाब विचारायचास ना तिथेच!" तिने घरी हे सांगितल्यावर मी म्हणाले.

"काय सांगून? तुमचा कागद मी वाचला म्हणून?"

काकांनी समजूत घातली, की गंमत असते, अंक खपावा म्हणून करतात. मीही माझी अक्कल पाजळली. म्हटलं, त्यांच्या मनात काहीही असो, ती पाच पानं चांगली आहेत ना? तू कामाला लागलीस ना? मग झालं तर.

"मशीनलाही कॉपी काढताना काही वाटत नाही," मावशी म्हणाली. "पण मशीनने लिहिलेलं कार्ड मी बॅगेत जपलं नव्हतं. आणि मशीनला गुडघ्याचे व्यायाम पाठवले नव्हते."

ते पत्र छापून आलं. मावशीने उत्तर दिलं नाही. त्यानंतर तीन अंकांत जुना वाचक विचारतोय, "पाना-पक्कड साहेब गप्प का? तब्येत बरी आहे ना?"

परवा मी गेले तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर कोरं कार्ड घेऊन बसली होती. मायना कुणाच्या नावाने घालायचा, इथेच गाडी अडली होती. शत्रूच्या, की लेखकाच्या? शेवटी मायना न घालताच तिने एक ओळ लिहिली आणि पेन खाली ठेवलं.

"पुलावरची ती बाई तुम्हाला खरंच दिसली होती, की पाच पानं उरली होती?"