आम्हा दोघींच्या कांजिण्या

माझी धाकटी बहीण पाळणाघरात कामाला होती. अठरा पोरं, अठरा पेले, अठरा नॅपकिन. कुठलं कुणाचं हे डोळे मिटून सांगायची. पोरांनी अंगभर लाळ गाळली तरी हसायची. इंजेक्शन म्हटलं की मात्र बाईसाहेबांचे हातपाय गार.

एके दिवशी तिथे नर्सबाई लशीचा डबा घेऊन आल्या. ज्यांना कांजिण्या येऊन गेल्या नसतील त्यांनी लस घ्यायची होती. धाकटीने लगेच मला फोन लावला.

"ताई, मला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना गं?"

"म्हणजे काय! आपल्या दोघींना एकदमच. पंधरा दिवस पत्ते कुटत होतो, विसरलीस?"

"सुटले बाई!" म्हणत तिने फोन ठेवला.

आई तेव्हा स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. चार पावलं जाऊन तिला विचारता आलं असतं. पण मी थोरली. घरात कुणी काहीही विचारलं की उत्तर मीच द्यायची, तेही छातीठोकपणे. आग लागो माझ्या जिभेला.

दोन महिन्यांनी पाळणाघरातल्या एका मुलीच्या अंगावर फोड उठले, मग धाकटीच्या. "या वयात पुन्हा कांजिण्या, कसले गं लाड!" म्हणून मी तिची थट्टासुद्धा केली. पाचव्या दिवशी तिला धाप लागली. मोठ्या माणसाच्या कांजिण्या फुप्फुसात उतरू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. तिला दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलं.

बाहेर बाकावर बसून आई सारखी तेच म्हणत होती, "तुला आल्या तेव्हा हिला मी महिनाभर गल्लीतल्या मावशीकडे ठेवलं, लागण नको म्हणून. एवढं जपलं, आणि आता कुठून आलं हे?"

मी म्हटलं, "पण आई, आम्ही पत्ते खेळायचो."

"खिडकीतून. ती बाहेर उभी राहायची आणि काचेला पान टेकवून तुला दाखवायची. आत घे म्हणून रडायची बिचारी."

मग सगळं आठवलं. काचेवर चेपलेलं तिचं नाकसुद्धा. इतकी वर्षं मला तिची सोबत तेवढी आठवत होती, मधली काच नाही.

मला आत जाऊ दिलं, कारण मला खरंच येऊन गेल्या होत्या. नर्स कागद भरत होती. "यांनी लस घेतली होती?"

धाकटीने तोंडावरचा मास्क जरासा उचलला. "नाही. लहानपणी येऊन गेल्यात मला, या दुसऱ्यांदा आल्या. ताईला विचारा, तिला सगळं आठवतं."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. धाकटीही बघत होती.

मी "हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती गेली.